संकेतस्थळाचा साचा व सर्वांची सोय

शेतीच्या मासिकांत बियाणें, खत, पाणी व बाजारभाव या विषयांस अग्रस्थान असावें हें योग्यच आहे. तथापि गेल्या कांहीं वर्षांत शेतकऱ्याच्या कामाचा एक मोठा भाग चावडींतून उठून संगणकाच्या व मोबाइलच्या पडद्यावर गेला आहे, आणि तो पडदा सर्वांस सारखा वाचतां येत नाहीं, ही गोष्ट आपल्या लोकांच्या अद्याप नीटशी ध्यानांत आलेली दिसत नाहीं. म्हणून प्रस्तुत लेखांत संकेतस्थळांच्या साच्याविषयीं, म्हणजे ज्यास हल्लीं टेम्प्लेट म्हणतात त्याविषयीं, चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे. विषय यांत्रिक वाटला तरी त्याचा परिणाम थेट जमिनीच्या हक्कापर्यंत पोंचतो, हें पुढील विवेचनावरून वाचकांस दिसून येईल.

प्रथम काम किती बदललें तें पाहूं. १ मे २०१८ रोजीं डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा आपल्या राज्यांत सुरू झाला, व पंधरा रुपये भरून तो घरबसल्या काढतां येऊं लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली, आणि उभ्या पिकाची नोंद शेतकऱ्यानें आपली आपण मोबाइलवर करावी असें ठरलें. फेरफाराची नोटीस हितसंबंधितांस बजावतात हें खरें. परंतु तीच नोटीस 'आपली चावडी' या संकेतस्थळावरही पाहतां येते. नोटिशीवर हरकत घेण्यास पंधरा दिवसांची मुदत असते. त्या पंधरा दिवसांत ज्यास ती वाचतां आली नाहीं, त्याचें म्हणणें मांडण्याची पहिली व सोपी वेळ निघून जाते, व पुढें अपिलाचे हेलपाटे नशिबीं येतात.

हा प्रश्न केवळ गांवांत राहणारांचा आहे असें कोणी समजूं नये. गिरगांव, दादर, परळ, लालबाग येथील चाळींतून राहणाऱ्या असंख्य कुटुंबांचीं नांवें सातारा, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड इत्यादि जिल्ह्यांतील सात-बाऱ्यावर आजही आहेत. त्यांचे वडील-आजोबा गिरण्यांत कामास आले ते शेताचा वांटा मागें ठेवूनच. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, त्या वेळीं जो पंचविशींतला तरुण होता तो आज सत्तरीस आला आहे. कोणास मोतीबिंदू, कोणास काचबिंदू, कोणाच्या हातास कंप. गांवच्या वडिलोपार्जित जमिनींत आपलें नांव टिकून आहे कीं नाहीं, हें पाहण्याची त्याची खिडकी आतां एक हातभर देखील नाहीं. ती मोबाइलच्या काचेएवढी आहे. ती खिडकी ज्यानें बसविली, त्यानें ती कशी बसविली यावर पुष्कळ कांहीं अवलंबून आहे.

महसुली दप्तराशीं ज्यांचा संबंध आला त्यांस एक गोष्ट पक्की ठाऊक असते. अक्षर न येणाऱ्या खातेदारास सात-बारा वाचून दाखवावयाचा तर नुसते आंकडे वाचून भागत नाहीं. "शून्य चाळीस, एक पंचवीस, तीनशें बारा" एवढेंच वाचलें तर ऐकणारास बोध काय होणार? शून्य चाळीस हें लागवडीचें क्षेत्र कीं पोटखराब? एक पंचवीस हा आकार रुपये-पैशांत कीं क्षेत्र हेक्टर-आरांत? तीनशें बारा हा खाते क्रमांक कीं फेरफार क्रमांक? वाचणारा प्रत्येक आंकड्याआधीं रकान्याचें नांव उच्चारील, तरच ऐकणाराच्या डोळ्यांपुढें त्याची जमीन उभी राहते. गांव नमुन्याचा जीव त्याच्या रकान्यांच्या मथळ्यांत आहे. एक ते एकवीस हे गांव नमुने राज्यभर एकाच धर्तीचे ठेविले आहेत त्याचें कारणही हेंच कीं, एका तालुक्यांतून दुसऱ्या तालुक्यांत बदलून आलेल्या तलाठ्यास दप्तर उघडतांच कोणती नोंद कोठें पाहावी हें कळावें.

आतां अंध मनुष्य संकेतस्थळ कसें वाचतो तें सांगतों. त्याच्या संगणकांत किंवा मोबाइलमध्यें स्क्रीन रीडर नांवाची आज्ञावली असते. ती पडद्यावरील मजकूर मोठ्यानें वाचून दाखविते. हा एक प्रकारचा वाचणारा कारकूनच होय. फरक इतकाच कीं, त्यास स्वतःची अक्कल नाहीं. पानांत जें लिहिलें असेल व जशी खूण केली असेल तसेंच तो वाचतो. संकेतस्थळाचीं पानें एचटीएमएल नांवाच्या भाषेंत लिहितात, आणि त्या भाषेचें काम म्हणजे प्रत्येक मजकुरास खूण लावणें: हा मथळा, हा परिच्छेद, हें बटण, हा रकान्याचा मथळा, हा त्याखालील आंकडा. खुणा बरोबर असतील तर स्क्रीन रीडर "क्षेत्र, शून्य चाळीस, आकार, एक पंचवीस, फेरफार क्रमांक, तीनशें बारा" असें वाचतो. खुणा न करितां नुसत्या रेघा ओढून कोष्टकाचा देखावा केला असेल, तर तो "शून्य चाळीस, एक पंचवीस, तीनशें बारा" एवढें पुटपुटतो. आणि सबंध कोष्टकाचें छायाचित्र काढून तें पानावर डकविलें असेल, तर बहुधा "चित्र" एवढा एकच शब्द उच्चारून तो गप्प बसतो. डोळस मनुष्यास तिन्ही पानें सारखींच दिसतात. म्हणूनच हा दोष पुष्कळ दिवस कोणाच्या नजरेस येत नाहीं.

मोठ्या संकेतस्थळाचें प्रत्येक पान हातानें कोणी लिहीत नाहीं. एक साचा करितात व त्यांत मजकूर ओततात. गांव बदलला, गट नंबर बदलला, तरी चौकट तीच. मुंबईच्या वाचकांस यासाठीं दूरचा दाखला नको. जावजी दादाजी यांनीं १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना काढिला; आणि तेथील देवनागरी टाइपाची कीर्ति पुढें सर्व हिंदुस्थानांत पसरली. टाइप पाडतांना अक्षराचा मूळ ठसा घोटून घोटून करावा लागे, कारण त्यांत रफार किंवा वेलांटी चुकली तर ती चूक त्या ठशांतून निघणाऱ्या प्रत्येक खिळ्यांत, व त्या खिळ्यांनीं छापलेल्या प्रत्येक पानांत उतरावयाची. उलट, ठसा एकदां नीट झाला कीं पुढील हजारों पानें विनाश्रम नीट. संकेतस्थळाच्या साच्याची गोष्ट तंतोतंत हीच आहे. आमचें या लेखांतील मुख्य म्हणणेंही हेंच कीं, दोष पानांत शोधीत बसूं नये; तो साच्यांत असतो, व साच्यांतच दुरुस्त करावयाचा असतो.

मग नीट साचा कोणास म्हणावें? यासाठीं सर्व जगास मान्य असें माप ठरलेलें आहे. टिम बर्नर्स-ली यांनीं १९८९ सालीं स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधन संस्थेंत वेबची कल्पना मांडली. पुढें १९९४ सालीं त्यांनींच वेबचे नियम ठरविण्यासाठीं डब्ल्यू-थ्री-सी ही संस्था काढिली. अपंग, वृद्ध इत्यादि सर्वांस पानें वापरतां यावीं यासाठीं तिनें मे १९९९ मध्यें पहिलीं मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं. डिसेंबर २००८ मध्यें दुसरी आवृत्ति काढिली. तीच वाढवीत वाढवीत ऑक्टोबर २०२३ मध्यें २.२ ही आवृत्ति आली. या सर्वांचें सार चार शब्दांत सांगतां येतें. पानावरील मजकूर डोळ्यांनीं नाहीं तर कानांनीं तरी ग्रहण करतां यावा, पान माउसविना व थरथरत्या हातानेंही चालवितां यावें, तें समजावें, आणि निरनिराळ्या यंत्रांवर तें टिकून राहावें.

साच्याचें महत्त्व एका प्रसिद्ध खटल्यांत फार स्पष्टपणें दिसून आलें. २००० सालीं ऑस्ट्रेलियांत सिडनी येथें ऑलिंपिक सामने भरले. त्यापूर्वीं १९९९ सालीं ब्रूस मॅग्वायर या अंध गृहस्थांनीं तेथील मानवी हक्क आयोगाकडे तक्रार केली कीं, सामन्यांच्या संकेतस्थळावरील चित्रांस शब्दांत वर्णन दिलेलें नाहीं, व निकालांचीं कोष्टकें आपणांस वाचतां येत नाहींत. आयोजकांनीं उत्तर दिलें कीं, दुरुस्तीसाठीं १,२९५ साचे बदलावे लागतील, व तें काम वेळ आणि पैसा या दोन्ही दृष्टींनीं परवडणारें नाहीं. तज्ज्ञांनीं साक्षींत सांगितलें कीं, साच्यांची खरी संख्या याहून पुष्कळ कमी आहे, आणि थोड्या माणसांच्या हातून थोड्या आठवड्यांत काम उरकण्याजोगें आहे. ऑगस्ट २००० मध्यें निकाल मॅग्वायर यांच्या बाजूनें लागला. पुढें आयोजकांनीं आज्ञेचें पालन पुरतेपणीं केलें नाहीं म्हणून त्यांस २०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई द्यावी लागली. आरंभींच साचा नीट केला असता तर यांतील एकही डॉलर खर्च झाला नसता.

आपल्याकडे या कामाची परंपरा नाहीं असें म्हणण्यास जागा नाहीं. मुंबई शहराच्या ज्या भागाचा वर उल्लेख आला, त्याच भागांत तिचीं मुळें आहेत. १९०० सालीं अमेरिकन मराठी मिशनच्या मिस ॲना मिलर्ड यांनीं अंध मुलांसाठीं शाळा काढिली. तीच आज दादर येथें अंध मुलींची शाळा म्हणून चालू आहे. १९०२ सालीं ताडदेवास व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा निघाली. १९५२ सालीं मुंबईंतच राष्ट्रीय अंधजन मंडळाची, म्हणजे नॅबची, स्थापना झाली. आणि २००३ सालीं धोबीतलाव येथील सेंट झेवियर्स कॉलेजांत अंध विद्यार्थ्यांसाठीं जें साधन-केंद्र सुरू झालें, त्यानें संगणकावर वाचन, बँकेचे व्यवहार व सार्वजनिक सेवा अंधांस सुलभ व्हाव्यात म्हणून उद्योग केला आहे.

या परंपरेंत एक प्रसंग आमच्या विषयास विशेष लागू पडतो. ब्रेल लिपि आपल्या देशांत आली तेव्हां निरनिराळ्या प्रांतांत व निरनिराळ्या भाषांसाठीं तिच्या निरनिराळ्या पद्धति पडल्या होत्या. एका शाळेचें पुस्तक दुसऱ्या शाळेच्या मुलास वाचतां येईना. अखेर १९५१ च्या सुमारास भारती ब्रेल ही सर्व भारतीय भाषांस समान अशी पद्धत मान्य झाली, आणि 'क' या उच्चारास मराठींत जे ठिपके तेच बंगालींत व तामिळांतही झाले. प्रमाण ठरलें म्हणजे कोणाचें स्वातंत्र्य जात नाहीं. उलट एकानें केलेलें काम दहांच्या उपयोगीं पडतें.

मराठी संकेतस्थळांस याच जातीची एक अडचण पुष्कळ वर्षें नडली. भारतीय लिप्यांसाठीं संगणकांत अक्षरांस कोणते क्रमांक द्यावे याचें इस्की नांवाचें प्रमाण १९८८ सालीं झालें, व त्याच्या आधारें १९९१ पासून युनिकोडमध्यें देवनागरीस स्थान मिळालें. तथापि व्यवहारांत प्रत्येक कंपनीनें आपापला फॉन्ट व आपापले क्रमांक चालविले. त्या पद्धतींत संगणकाच्या लेखीं मजकूर इंग्रजी अक्षरांचा असे. फक्त वर मराठी अक्षराचें चित्र चढविलेलें असे. तो फॉन्ट ज्याच्या यंत्रांत नाहीं त्यास अर्थहीन इंग्रजी अक्षरांची रास दिसे, आणि स्क्रीन रीडर ती रासच मोठ्यानें वाचीत सुटे. युनिकोडमध्यें 'क' हा 'क'च असतो, मग फॉन्ट कोणताही असो. कोल्हापूरकडील सुलेखनकार र. कृ. जोशी यांनीं मुंबईंत राहून 'मंगल' हा युनिकोड फॉन्ट सिद्ध केला. तो विंडोज संगणकांबरोबर घरोघर गेला. ऑस्ट्रेलियांतील मायकेल करन व जेम्स टे या दोघां अंध तरुणांनीं २००६ पासून एनव्हीडीए हा फुकट मिळणारा स्क्रीन रीडर घडविला, व त्यांत आज मराठी वाचनाची सोय आहे. अँड्रॉइड मोबाइलमध्यें टॉकबॅक हा वाचक बहुधा आधींच घातलेला असतो. म्हणजे वाचणारा तयार आहे. वाचण्याजोगें पान आपण पुरवावयाचें आहे.

कायदाही आतां मौन राहिलेला नाहीं. सरकारी संकेतस्थळांसाठीं केंद्राचीं मार्गदर्शक तत्त्वें २००९ सालीं निघालीं, व त्यांची तिसरी आवृत्ति २०२३ सालीं आली. दिव्यांग व्यक्ति हक्क कायदा २०१६ सालीं संमत झाला, व त्यानें सरकारी तसेंच खाजगी सेवा देणारांवरही सुगमतेची जबाबदारी टाकिली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजीं राजीव रतुडी यांच्या याचिकेंत सर्वोच्च न्यायालयानें असें ठरविलें कीं, कायदा सक्तीचा असतां त्याखालील नियमांत नुसत्या शिफारशी असून चालणार नाहीं. आणि किमान सक्तीचे नियम वेगळे काढण्यास केंद्र सरकारास तीन महिन्यांची मुदत दिली. ३० एप्रिल २०२५ रोजीं प्रज्ञा प्रसून यांच्या खटल्यांत त्याच न्यायालयानें आणखी पुढें जाऊन डिजिटल सेवा मिळण्याचा हक्क घटनेच्या २१ व्या कलमांतील जीविताच्या हक्काचाच भाग मानिला. ॲसिड हल्ल्यांत डोळे जायबंदी झालेल्या माणसास, ओळख पटविण्यासाठीं कॅमेऱ्यापुढें डोळे मिचकावा, असें यंत्र सांगे. तें त्यास करतां येत नसे, व खातें उघडतां येत नसे. या खटल्यांत न्यायालयानें वीस निर्देश दिले आहेत. ज्या शेतकऱ्याचे ठसे मातींत काम करून झिजले आहेत व यंत्र ज्यास ओळखीत नाहीं, त्यास या निकालाचें मर्म समजावून सांगण्याची गरज नाहीं.

एवढें झालें तरी विकास सोसायटी, बाजार समिति, दूध संघ, साखर कारखाना यांचीं संकेतस्थळें कायद्याच्या पोथ्या चाळून होत नाहींत. संचालक मंडळ ठराव करितें, ठेकेदार दहा तयार साचे दाखवितो, त्यांतील ज्यांत हिरवें शेत मोठें दिसतें तो पसंत होतो, व बिल चुकतें होतें. म्हणून चिटणीसांनीं बिलावर सही करण्यापूर्वीं स्वतः करण्याजोग्या कांहीं परीक्षा येथें देतों. यांस संगणकाचें विशेष ज्ञान लागत नाहीं.

पहिली परीक्षा अक्षराची. पानावरील एखादी ओळ उचलून मोबाइलच्या संदेशांत टाकावी. तेथें स्वच्छ मराठी उमटली तर मजकूर युनिकोडांत आहे. इंग्रजी अक्षरांचा कचरा उमटला किंवा ओळ उचलतांच आली नाहीं, तर साचा परत करावा.

दुसरी परीक्षा हाताची. माउस बाजूस ठेवून केवळ टॅब व एंटर या कळांनीं अर्ज आरंभापासून अखेरपर्यंत भरून पाहावा. आपण कोठें आहों हें प्रत्येक पावलीं चौकटीनें दिसलें पाहिजे. मोबाइलवर बटणें इतकीं खेटून नसावीं कीं जाड बोटानें एक दाबतां दुसरें दाबलें जावें, २.२ आवृत्तींत बटणाच्या जागेचें किमान माप, २४ गुणिलें २४ पिक्सेल, याचसाठीं ठरविलें आहे.

तिसरी परीक्षा मोठ्या अक्षरांची. पान दुप्पट मोठें करून पाहावें. मजकूर एकमेकांवर चढतां कामा नये व पडद्याबाहेर पळतां कामा नये. मराठींत येथें एक जादा काळजी घ्यावी लागते. इंग्रजीच्या मापानें ओळींचें अंतर बांधलेल्या साच्यांत वरच्या मात्रा, रफार व खालचे उकार कापले जातात, आणि 'कर्ज' याचें 'कज' होऊन बसतें.

चौथी परीक्षा रंगाची. पान काळ्या-पांढऱ्यांत छापून पाहावें. "लाल रकाने भरणें आवश्यक आहे" असें लिहिलें असेल तर छापील कागदावर लाल कोणतें हें कळणार नाहीं. आणि ज्यास लाल-हिरव्यांतील भेद दिसत नाहीं त्याची दररोजची स्थिति हीच आहे. तसेंच अक्षर व पार्श्वभूमि यांच्या तेजांत निदान साडेचारास एक एवढा फरक असावा असें प्रमाण आहे. फिकट राखाडी अक्षरें कार्यालयांत नाजूक दिसतात, पण दुपारच्या उन्हांत बांधावर उभें राहून तीं कोणासच दिसत नाहींत.

पांचवी परीक्षा कानाची, आणि हीच सर्वांत महत्त्वाची. मोबाइलमधील टॉकबॅक सुरू करून, डोळे मिटून, पान ऐकावें. चित्राचें वर्णन ऐकूं येतें काय? रिकाम्या रकान्यावर बोट ठेवितां "खाते क्रमांक" असें नांव ऐकूं येतें, कीं नुसतें "येथें लिहा"? कोष्टकांतील आंकड्याबरोबर रकान्याचा मथळा येतो काय? आवाज मराठी उच्चारानें वाचतो, कीं मराठी मजकूर इंग्रजी समजून अडखळतो? पान मराठींत आहे ही खूण साच्यांत फक्त एकदां करावयाची असते, व पुष्कळदां तीच राहून जाते.

सहावी परीक्षा वेळेची व कोड्याची. अर्ज भरतां भरतां मुदत संपून सर्व भरलेलें पुसलें जात असेल तर मुदत वाढविण्याची सोय मागावी. वेडींवांकडीं अक्षरें ओळखून लिहावयास लावणारा कॅप्चा असेल तर त्यास ऐकण्याचा किंवा दुसरा सोपा पर्याय मागावा. यंत्रमानवास अडविण्यासाठीं घातलेली ती काठी प्रथम अंध माणसाच्या पायांत येते.

येथें एक इशारा दिला पाहिजे. कांहीं ठेकेदार पानाच्या कोपऱ्यांत अक्षर लहान-मोठें करण्याचीं दोन बटणें व चाकाच्या खुर्चीचें चित्र बसवून "संकेतस्थळ सुगम झालें" असें सांगतात. मूळ साच्यांतील खुणा चुकलेल्या असतील तर या बटणांनीं कोष्टक वाचतां येऊं लागत नाहीं. भिंतीस पोंचारा दिला म्हणून पाया भरला असें होत नाहीं.

यावर दोन आक्षेप येतात. एक, "आपल्या गांवांत अंध किती?" २०११ च्या जनगणनेंत महाराष्ट्रांत सुमारे २९ लाख ६३ हजार व्यक्ति अपंग म्हणून नोंदल्या गेल्या, व सबंध देशांत २ कोटि ६८ लाख. परंतु ज्यांची अशी नोंद नाहीं पण ज्यांस बारीक अक्षर दिसत नाहीं अशा वृद्धांची गणती यांत नाहीं. ज्याचा हात मळणींत जायबंदी झाला तो, ज्यास वाचतां येत नाहीं पण ऐकून समजतें ती बाई, आणि ज्याच्या जुन्या मोबाइलवर जड चित्रें उघडत नाहींत तो, हे सर्व याच साच्याचे लाभधारक आहेत. बाजारभाव छायाचित्र म्हणून न टाकितां नीट कोष्टकांत दिले तर अंधास ते ऐकतां येतात, डोळसास शोधतां येतात, व इंटरनेटचा खर्चही कमी येतो.

दुसरा आक्षेप खर्चाचा. नवा साचा घेतांनाच अट घातली तर वाढीव खर्च फार थोडा येतो. तयार झालेलें संकेतस्थळ मागाहून मोडून नीट करण्यास मात्र खर्च व वेळ दोन्ही लागतात. विहिरीस पायऱ्या बांधकामाच्या वेळींच ठेवाव्या. पाणी लागल्यावर त्या बसविणें महाग पडतें, हें शेतकऱ्यास ठाऊक आहे.

तेव्हां ज्या संस्था यंदा संकेतस्थळ करणार किंवा बदलणार असतील, त्यांनीं कराराच्या मसुद्यांत तीन वाक्यें अवश्य घालावीं अशी आमची सूचना आहे: संकेतस्थळ युनिकोड मराठींत असावें, तें डब्ल्यू-थ्री-सीच्या तत्त्वांच्या २.२ आवृत्तींतील मधल्या, म्हणजे 'एए', पातळीस उतरावें; आणि शेवटचा हप्ता देण्यापूर्वीं स्क्रीन रीडर वापरणाऱ्या एका अंध सभासदाकडून किंवा अंधांच्या संस्थेकडून त्याची पाहणी व्हावी. पाहणी करणाऱ्यास त्याच्या श्रमाचा मोबदलाही द्यावा. तें दान नव्हे, मोजणी फी आहे. वार्षिक सभेपुढें अहवाल ठेवितांना इतर खर्चांबरोबर या पाहणीचा निकालही सभासदांस वाचून दाखवावा, म्हणजे पुढील वर्षीं ठेकेदार बदलला तरी ही अट दप्तरांतून गळून पडणार नाहीं.